तार तुटली तर दिवा पेटावा

तू बाबांची जुनी मोटरसायकल दुरुस्त करून नव्या रायपूरला ये-जा सुरू केलीस, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आता तिच्यावर घरच्या घरी इशाऱ्याचे दिवे बसवायचं तुझ्या मनात आहे, असं ताई म्हणाली. रवी भवनच्या बाजारात जाऊन सामान आणण्याआधी मामाचं हे ऐकून घे. सोल्डरिंग तुला येतं, ते मी शिकवत नाही. सर्किटच्या नकाशात जे लिहिलेलं नसतं, तेवढंच सांगतो.

त्या गाडीच्या मीटरमध्ये वेगाचा काटा, किलोमीटरचे आकडे आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा, एवढंच आहे. साइड स्टँड खाली राहिला, इंडिकेटर चालू राहिला, बॅटरी चार्ज होईना, मागचा ब्रेकचा बल्ब उडाला, यातलं काहीच ती सांगत नाही. हे चार दिवे बसव. पाचवा नको. इंजिन ऑइलचा लाल दिवाही लावावा असं वाटेल, पण आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांच्या इंजिनात ऑइलच्या दाबाचा स्विचच नसतो. तिथे दर रविवारी डिपस्टिक पुसून बघणं हाच उपाय.

आता मुख्य गोष्ट. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, आणि त्या खात्यात नव्या माणसाच्या कानात सगळ्यात आधी हेच सांगितलं जातं की बिघाड व्हायचाच असेल तर तो सुरक्षित बाजूला व्हावा. याची गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन नावाच्या माणसाने १८७० च्या सुमाराला रुळांतून वीज सोडून गाडी आली की सिग्नल द्यायची युक्ती केली. गाडी रुळावर आली की सर्किट पूर्ण व्हायचं आणि धोक्याची खूण दिसायची. पण तार तुटली किंवा बॅटरी संपली तर गाडी समोर उभी असूनही सिग्नल रस्ता मोकळा आहे असंच दाखवणार, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने सगळं उलटं केलं. रुळांतून करंट कायम वाहत ठेवला आणि त्यावर एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, धरून ठेवला. गाडीच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले की करंट तिकडून निघून जातो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, तार निघाली, बॅटरी मेली, तरीही रिले सुटतो आणि सिग्नल लालच होतो. १८७२ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. आपल्या रायपूर-दुर्ग मार्गावर मी ज्या ट्रॅक सर्किटांची देखभाल केली, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना होती. बिघाडाने गाडी विनाकारण थांबते, लोक चिडतात, पण कुणी मरत नाही.

हे मोटरसायकलवर आण. घरगुती दिवे लावणारे बहुतेक लोक काय करतात? स्टँड खाली आला की स्विच जोडला जातो आणि दिवा पेटतो. दिसायला ठीक आहे. पण स्टँडजवळची तार चिखलात कुजली, दगडाने तुटली, की दिवा कायमचा गप्प होतो, आणि तू मात्र दिवा पेटला नाही म्हणजे स्टँड वर आहे, असं समजून निघतेस. दिवाच नव्हता तेव्हा तू निदान पायाने चाचपून बघत होतीस. खोटा भरवसा देणारा दिवा हा दिवा नसण्यापेक्षा वाईट.

म्हणून स्टँडचं सर्किट उलटं बांध. प्लसकडून १ किलो-ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घे. त्याच्या दुसऱ्या टोकाला लाल एलईडी जोड, एलईडीचा दुसरा पाय अर्थला. आता रेझिस्टर आणि एलईडी जिथे मिळतात तिथून एक तार स्टँडजवळच्या स्विचला ने, आणि स्विचचं दुसरं टोक अर्थला दे. स्टँड पूर्ण वर गेला की स्विच जोडला जायला हवा. तो जोडला गेला की करंट एलईडीला सोडून स्विचमधून जातो आणि दिवा विझतो. स्टँड खाली असला की पेटतो. तार तुटली, स्विच खराब झाला, तरी पेटतो. मग तू गाडी थांबवशील, शिव्या देशील, पण खाली बघशील.

इथे एक धोका आहे, नीट लक्षात ठेव. दुकानात चकचकीत कड्यांचे १२ व्होल्टचे तयार दिवे मिळतात, त्यांच्या पोटातच रेझिस्टर असतो. इंडिकेटरसाठी ते चालतील. या जागी मात्र तसला दिवा लावलास तर स्टँड वर गेल्याबरोबर प्लस आणि अर्थ सरळ एकमेकांना भिडतील आणि फ्यूज उडेल. इथे सुटा एलईडी आणि बाहेरचा रेझिस्टरच हवा.

स्विच म्हणून दाराच्या चोरघंटीला लावतात ती चुंबकाची जोडी घे. प्लास्टिकच्या डबीत रीड स्विच आणि दुसऱ्या डबीत चुंबक. चुंबक जवळ आला की जोडणारा प्रकार आहे ना, हे दुकानातच मीटर लावून बघून घे. रीडची डबी फ्रेमवर आणि चुंबक स्टँडच्या दांड्यावर, पिव्हटच्या बोल्टपासून चारेक बोटं खाली. अगदी बोल्टजवळ लावलंस तर हालचाल पुरेशी होत नाही, टोकाकडे लावलंस तर चिखल आणि ठोकर. चुंबक लोखंडावर थेट चिकटवू नको. लोखंड त्याचं बळ स्वतःकडे ओढून घेतं. मध्ये अ‍ॅल्युमिनियमची किंवा जाड प्लास्टिकची पट्टी घाल. मीटर बीपवर ठेवून स्टँड हाताने वर-खाली कर. पूर्ण वर गेल्यावर बीप येऊन टिकली पाहिजे, आणि दोन-तीन बोटं खाली आला की सुटली पाहिजे.

या दिव्याचा एक जोडफायदा आहे. गतिरोधकावरून जाताना तो क्षणभर लुकलुकला तर स्टँड उडतोय, म्हणजे त्याची स्प्रिंग ढिली झाली. ती लगेच बदल. डावीकडे वळताना गाडी डावीकडेच झुकते, स्टँडही डावीकडेच, आणि तो रस्त्याला टेकला की मागचं चाक उचललं जातं. चारही दिव्यांमध्ये हा दिवा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून एवढं लांबवलं.

ब्रेकच्या दिव्याकडे येऊ. इथेही रेल्वेची एक पद्धत उपयोगी पडते. सिग्नलचा दिवा खरोखर पेटला की नाही हे केबिनमधला माणूस डोळ्यांनी बघू शकत नाही, सिग्नल कितीतरी लांब असतो. म्हणून दिव्याला जाणारा करंट एका रिलेतून नेतात. करंट वाहतोय तर रिले धरलेला, दिवा गेला तर सुटलेला. लाल दिवाच गेला असेल तर मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. हुकूम पोचला एवढ्यावर खातं समाधान मानत नाही, दिवा जळतोय याचा पुरावा मागतं. तुझ्या गाडीचा ब्रेकचा दिवाही तसाच तुझ्या पाठीमागे आहे, तुला कधीच न दिसणारा. ब्रेकच्या स्विचवरून सरळ एलईडी लावलास तर तो फक्त तू ब्रेक दाबलास एवढंच सांगेल. ते तुला माहीतच आहे. मागे बल्ब पेटला का, हे कळायला हवं.

त्यासाठी काचेचा सुटा रीड स्विच घे आणि त्यावर तांब्याची इनॅमलची तार गुंडाळ. मोटर वाइंडिंगवाल्याकडे वीस गेजची तार हातभर सहज मिळते. ब्रेकचा बल्ब साधारण २१ वॅटचा असतो, म्हणजे १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर. वीस वेढे दिलेस तर त्याचं बळ पस्तीस अँपिअर-वेढ्यांच्या आसपास होतं, आणि बाजारातले बहुतेक छोटे रीड तेवढ्यात जोडले जातात. दोन थरांत गुंडाळ. ही गुंडाळी ब्रेकच्या बल्बला जाणाऱ्या तारेत ओळीने घाल, आणि रीडच्या दोन टोकांतून हिरव्या एलईडीचा करंट ने. ब्रेक दाबला, बल्ब जळला, करंट वाहिला, तरच हिरवा दिवा दिसेल. बल्ब गेला, होल्डर गंजला, मागची तार निघाली, तर काहीही कर, हिरवा येणार नाही. रीडचे पाय वाकवताना काचेजवळ चिमटा धरून मगच वाकव, नाहीतर काच तडकते. गाडीला मागे एलईडीचा दिवा लावला असेल तर ही युक्ती चालणार नाही, त्याचा करंट फार कमी असतो. तुझ्या गाडीला साधा बल्ब आहे, तो तसाच राहू दे.

ही गुंडाळी थेट ब्रेकच्या तारेत बसते, म्हणून तिचं काम कच्चं राहिलं तर चांगला ब्रेकलाइटही बंद पडेल. कंपनीची तार कापू नको. मागच्या बाजूला बुलेट कनेक्टर असतात, ते सोडवून मध्ये तुझा तुकडा दोन्ही टोकांना तसेच कनेक्टर लावून बसव. पुढेमागे काढायचं झालं तर मूळची टोकं एकमेकांत खोचली की झालं.

बॅटरीचा दिवा लोक उगीच अवघड करतात. दहा दिव्यांची पट्टी, आकड्यांचा व्होल्टमीटर, हे सगळं चालत्या गाडीवर वाचावं लागतं. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात एका सेकंदात सोळा-सतरा मीटर मागे पडतात. आकडा वाचून, समजून, मान वर करेपर्यंत तू एखादा चौक ओलांडलेला असशील. तुला एकच प्रश्न विचारायचा आहे, चार्जिंग होतंय का? त्याला टीएल ४३१ हा तीन पायांचा छोटा आयसी पुरतो. त्याच्या रेफरन्सच्या पायावर अडीच व्होल्ट आले की तो चालू होतो. प्लसपासून त्या पायापर्यंत ३९ किलो-ओहम आणि त्या पायापासून अर्थपर्यंत १० किलो-ओहम लाव. हिशेब कर, हे अडीच व्होल्ट सव्वाबारा व्होल्टच्या पुरवठ्याला येतात. आता स्टँडसारखीच रचना. प्लसकडून १ किलो-ओहम, पुढे एलईडी, आणि दोन्हींच्या सांध्यावरून टीएल ४३१ चा कॅथोड, अ‍ॅनोड अर्थला. व्होल्टेज सव्वाबाराच्या वर असेपर्यंत आयसी करंट स्वतःकडे घेतो आणि दिवा विझलेला राहतो. खाली आलं की दिवा पेटतो.

यात एक बारीक खोच आहे. आयसी चालू असतानाही त्याच्यावर सुमारे दोन व्होल्ट राहतात, आणि लाल एलईडीला तेवढे पुरतात. तो मिणमिणत राहतो आणि तू गोंधळतेस. म्हणून एलईडीच्या ओळीत एक साधा डायोड टाक, मग तो नीट विझतो. आणि रेफरन्सच्या पायापासून अर्थपर्यंत एक छोटं दाबायचं बटण दे. बटण दाबलं की आयसी सुटतो आणि दिवा पेटतो, म्हणजे दिवा जिवंत आहे हे कळतं. रेझिस्टर ३९ किलो-ओहमचा असल्यामुळे बटणाने काही बिघडत नाही.

जुनी गाडी सिग्नलला उभी असताना, इंजिन हळू चालू असताना हा दिवा पेटला तर घाबरू नको. थ्रॉटल दिला की विझायला हवा. धावत्या गाडीतही पेटलेलाच राहिला तर चार्जिंग बंद आहे. रेक्टिफायरचा कनेक्टर आधी बघ, बऱ्याचदा तोच जळून काळा झालेला असतो. महिन्यातून एकदा इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लाव. थ्रॉटलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळते, आणि तुझे एलईडीही जातील.

याच कारणाने रेझिस्टरचा हिशेब १२ व्होल्टवर करू नको. चालत्या गाडीत साडेचौदा असतात, त्यावर कर.

इंडिकेटरचं काम सोपं आहे. डाव्या आणि उजव्या दोन्ही तारांतून एकेक ४००७ डायोड घेऊन त्यांची पट्टीकडची टोकं एकत्र कर, पुढे रेझिस्टर आणि पिवळा एलईडी. डायोड न लावता तारा जोडल्यास तर डावीकडचं बटण दाबल्यावर चारही इंडिकेटर लुकलुकतील. लुकलुकण्याची लय मिनिटाला साठ ते एकशेवीस असते. ती एकदम बदलली तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे.

आता तारा. करंट किल्लीनंतरच्या तारेवरून घे, म्हणजे गाडी बंद असताना दिव्यांचा डबा बॅटरी पिणार नाही. जिथून घेशील तिथेच, हातभर पुढे नव्हे, एक अँपिअरचा फ्यूज लाव. हेडलाइटच्या तारेवरून मात्र कधीही घेऊ नको. तुझ्या गाडीच्या काळातल्या अनेक गाड्यांत हेडलाइट आणि टेललाइट बॅटरीवर नसतात, सरळ मॅग्नेटोच्या कॉइलवर एसी करंटने चालतात. इंजिन हळू झालं की हेडलाइट मंद होतो ना, ते त्यामुळेच. एलईडीला उलट दिशेने साधारण पाच व्होल्टच्या वर झेपत नाही. प्रत्येक एलईडीला उलटा एक डायोड जोडून ठेव, रखवालदार म्हणून.

रंगावरून तार ओळखायला जाऊ नको. होंडाच्या पद्धतीत हिरवी तार अर्थ आणि काळी तार किल्लीनंतरचा प्लस. यामाहाच्या पद्धतीत काळी अर्थ आणि तपकिरी प्लस. एका गाडीची सवय दुसरीवर चालवलीस तर थेट शॉर्ट. शिवाय तुझी गाडी आजवर किती मिस्त्र्यांच्या हातून गेली ते कुणाला ठाऊक. मीटर लाव, आकडा बघ, मग कापडी चिठ्ठी बांध.

गाडीवरच्या तारा सर्वांत जास्त कुठे तुटतात? हँडलच्या मानेजवळ, आणि सोल्डरच्या लगेच पुढे. सोल्डर तारेच्या आत झिरपतं, तेवढा भाग कडक होतो, आणि कंपनाने त्याच्या कडेलाच तार तुटते. म्हणून सांध्यावर हीट श्रिंक ट्यूब चढव आणि ती सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर पुढे जाऊ दे. काळी टेप वापरू नको. रायपूरच्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि टेप सुटून जाते. मानेजवळ तारेला सैल वळसा ठेव. सगळं झाल्यावर किल्ली फिरवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरव आणि दिव्यांकडे बघ. जरा जरी लुकलुकले तर पुन्हा खोल.

डब्याबद्दल आपल्या गावाचा विचार करून सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, आणि काळा प्लास्टिकचा डबा कचेरीच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर राहिला तर आतली गरमी त्याहून किती वर जाते ते हात लावून बघ. हॉट ग्लूने चिकटवलेलं मे अखेरच्या नौतप्याच्या उन्हात पाझरतं. एलईडी त्यांच्या धातूच्या होल्डरने आणि नटने आवळ, बाकी ठिकाणी एपॉक्सी. दुसरी अडचण धुळीची. उरला-सिलतराकडच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे येणारी काळी धूळ तुला घरातल्या गॅलरीत रोज दिसते. तिच्यात कोळसा आणि लोखंड असतं, पावसाच्या ओलीत ती सोल्डरच्या दोन बिंदूंमध्ये बसली की त्यातून करंट झिरपतो आणि दिवे भुतासारखे मंद पेटतात. झिरो पीसीबीवर काम झालं, तपासलं, की दोन्ही बाजूंनी लॅकर मार. नाहीच मिळालं तर रंग नसलेलं नेलपॉलिश दोन हात लाव. डब्याच्या तळाला एक बारीक भोक ठेव. पूर्ण बंद डब्यात दिवसाची गरम हवा रात्री निवते आणि आत पाणी धरते, ते बाहेर जायला वाट हवी.

दिवे दिसायला हवेत, हे बोलायला सोपं. सकाळी तू पूर्वेकडे जातेस आणि संध्याकाळी पश्चिमेकडे परततेस, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य डोळ्यांवर. त्या चकाकीत मंद दिवा दिसतच नाही. प्रत्येक एलईडीभोवती विजेच्या फिटिंगच्या काळ्या पाइपचा तिरका कापलेला तुकडा बसव, त्याची सावली पुरते. पारदर्शक काचेचा एलईडी फक्त समोरून झगझगतो, तो नेमका तुझ्या डोळ्यांकडे रोखलेला हवा. दुधी काचेचा चहूबाजूंनी दिसतो पण मंद. लाल दिव्यांसाठी पारदर्शक घे, आणि हेल्मेट घालून गाडीवर बसून कुणाला तरी डबा हळूहळू तिरका करायला सांग. सगळ्यांना सारखा उजेड देऊ नको. लाल दिवे एरवी विझलेलेच असतात, ते प्रखर असू देत. ब्रेकचा हिरवा दिवा रात्री दर वळणावर पेटणार, त्याला ३.३ किलो-ओहम लाव, नाहीतर डोळे दिपतील.

जागाही ठरवून टाक. स्टँडचा लाल सर्वांत वर, मधोमध. बॅटरीचा लाल त्याच्या खाली डावीकडे. पिवळा आणि हिरवा उजवीकडे. रेल्वेत सिग्नल बघणाऱ्या कर्मचाऱ्यांची रंग ओळखण्याची परीक्षा होते, कारण लाल-हिरव्यात घोटाळा होणारी माणसं, विशेषतः पुरुष, थोडी नसतात. उद्या तुझ्या भावाने गाडी घेतली आणि त्याला रंग नीट कळत नसले, तरी जागेवरून अर्थ कळायला हवा. गाड्यांच्या दिव्यांचा जगभरचा संकेतही पाळ. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष दे, हिरवा म्हणजे चालू आहे, निळा फक्त हायबीमला. आपल्या आवडीचे रंग इथे नकोत.

आणि हे दिवे फक्त तुझ्या तोंडाकडे असू देत. समोर लाल, मागे निळे, चाकांत लुकलुकणाऱ्या पट्ट्या, असलं काही लावू नको. रस्त्यावरचा दुसरा माणूस तुझ्या दिव्यांवरून तू कुठल्या दिशेला जातेस हे ओळखत असतो, त्याची फसगत होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत मनमानी बदल करायला मनाई आहे, हेही ध्यानात ठेव. म्हणूनच कंपनीच्या तारा न कापता, काढता येईल असा डबा कर.

आता रोजचं काम. गाडी साइड स्टँडवर उभी असताना किल्ली फिरव. वरचा लाल पेटलाच पाहिजे. पेटला नाही तर तार कुठेतरी अर्थला घासते आहे किंवा एलईडी गेला, त्या दिवशी त्या दिव्यावर विसंबायचं नाही. बटण दाब, बॅटरीचा लाल बघ. ब्रेक दाब, हिरवा बघ. इंडिकेटर एकदा डावा, एकदा उजवा. मग स्टँड वर घे आणि वरचा लाल विझताना बघ. हेल्मेटचा पट्टा लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे होतं. प्रत्येक दिवा तुझ्या डोळ्यांदेखत एकदा पेटल्याशिवाय फाटकाबाहेर पडायचं नाही.

एवढं करूनही हा डबा फक्त तुझ्या गाडीचं सांगेल. पावसाळ्यात रस्त्यावर बसलेली गुरं, धानखरेदीच्या दिवसांत मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या, टाटीबंधच्या पुढे कडेला उभे केलेले ट्रक, यांचं तो काही सांगणार नाही. खरिपात गुरं मोकाट सुटू नयेत म्हणून छत्तीसगडच्या गावागावांत रोका-छेकाची जुनी रीत आहे, २०२० मध्ये सरकारनेही त्याच नावाने मोहीम काढली, तरीही श्रावणातल्या रात्री डांबराच्या ऊबेला गाय बसलेली तुला दिसेलच. काळ्या गायीच्या अंगावरून उजेड परत येत नाही, फक्त डोळे चमकतात, आणि ती पाठमोरी असेल तर तेही नाही. म्हणून डब्यात पैसे घालण्याआधी हेडलाइटची काच आणि रिफ्लेक्टर बदल. आतला मुलामा काळवंडला असेल तर नवा बल्बही उजेड देत नाही. रात्री हेडलाइटच्या पल्ल्याबाहेरचा वेग धरू नको. मागच्या मडगार्डला लाल रेडियमची चांगली रुंद पट्टी लाव, तिला ना तार लागते ना बॅटरी.

शेवटी एक कागद. कुठली तार कुठून घेतली, कुठला रेझिस्टर कितीचा, फ्यूज कुठे आहे, हे स्वच्छ अक्षरात काढून प्लास्टिकच्या पिशवीत सीटखाली ठेव, सोबत दोन सुटे फ्यूज. आमच्या सिग्नल खात्यात रुळाकडेच्या प्रत्येक लोकेशन बॉक्सच्या दाराच्या आत असा नकाशा असायचा. रात्री पावसात, बॅटरीच्या उजेडात, दुसऱ्याच माणसाला तो वाचायचा असे. तुझ्या गाडीबाबत तो दुसरा माणूस धमतरी रोडवरचा एखादा मिस्त्री असेल.

सामान आणलंस की रविवारी गाडी इकडे तात्यापाऱ्यात घेऊन ये. रीडची गुंडाळी माझ्यासमोर कर. वीसपासून सुरू करू, बल्ब लावून ब्रेक दाबू, आणि हिरवा पेटायचा थांबेपर्यंत एकेक वेढा कमी करत जाऊ. जिथे थांबेल तिथून पाच वेढे वाढवून पक्कं करायचं.